धबधब्याचा दोर

योशितोच्या हातून दोर सुटला तो निष्काळजीपणामुळे नव्हे, सभ्यपणामुळे.

धबधब्याच्या माथ्यावर डाव्या खडकावर तो दोराचं टोक धरून उभा होता. समोरच्या खडकावर गेनजिरो आजोबा दुसरं टोक देवदाराला बांधत होते. खाली डोहाकाठी ओकिमोतोबाई होत्या. योशितोच्या लॉजवर उतरलेल्या या बाईंची खोऱ्यातली देवळं आदल्या दिवशी पाहून झाली होती, आज धबधब्याची पाळी होती. नजरानजर झाली आणि एवढ्या लांबून बाईंनी कमरेत वाकून नमस्कार केला. आता गिऱ्हाईक वाकलं आणि लॉजवाला ताठ उभा राहिला, असं आमच्याकडे अजून घडायचं आहे. योशितो वाकला. अगदी रीतसर, पाठ सरळ, दोन्ही तळवे मांड्यांवर. तळवे मांड्यांवर गेले म्हणजे दोर कुठे गेला ते सांगायला नको. आजोबांची गाठ अर्धीच झाली होती. त्यांनी वेळेवर हात सोडला म्हणून दोराबरोबर तेही गेले नाहीत, एवढंच.

तो दोर म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी नव्हती. शिराहोरा गावात धबधबा हाच देव. त्याच्यापुढे आडवा टांगलेला पेंढ्याचा जाडजूड दोर म्हणजे देवाच्या घराची वेस. दर उन्हाळ्यात जुना उतरवायचा, नवा चढवायचा आणि तो नवा दोर वळायचा गेनजिरो आजोबांनी. कापणीचं यंत्र पेंढ्याचा भुगा करतं, म्हणून आजोबा एक वावर अजून विळ्याने कापतात. बायको गेली, घरात भांडायला कोणी उरलं नाही, तेव्हापासून म्हातारा सबंध हिवाळा पेंढ्याशी भांडतो, असं गावातल्या बायका म्हणतात. बोलणं मोजकं, तेही बहुतेक कोणाला तरी लागणारं. पण त्यांचा दोर वर्षभर बर्फ, वारं, पाऊस खाऊन जागचा हलत नाही.

योशितो मूळचा ओसाकाचा. बायको नात्सुए इथली. सासऱ्यांचं रेशमाचे किडे पाळायचं जुनं घर दुरुस्त करून दोघांनी लॉज काढलं, त्याला तीन वर्षं झाली. गाव वागायला गोड होतं. दारात काकड्या ठेवून जायचं, भेटलं की हवापाण्याचं बोलायचं. पण दोराच्या दिवशी योशितोला गाड्या लावायच्या जागेवर उभं करायचं. काकड्या पाहुण्यालाही देतात, दोर मात्र घरच्याच माणसाच्या हातात. यंदा बैठकीत आजोबांनी त्याच्याकडे हनुवटी दाखवली आणि म्हणाले, याला डावीकडे वर उभा करा. त्या रात्री नात्सुएने त्याच्या पांढऱ्या अंगरख्याला दोनदा इस्त्री केली होती.

आणि आता तो दोर डोहात गरगरत होता. काठावर नात्सुएच्या मावशी हळूच म्हणाल्या, "तीन वर्षांच्या काकड्या वाया गेल्या."

आजोबा पायवाटेने खाली आले. जोडे काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कोणाकडे न पाहता पाण्यात शिरले. योशितोही धावत खाली आला. तो मात्र इस्त्रीच्या अंगरख्यासकट सरळ उडी मारून मोकळा झाला. जूनमध्येही ते पाणी हाडं मोजतं. भिजलेला दोर बैलाएवढा जड झाला होता. दोघांनी ओढला, मग चौघांनी, मग ओकिमोतोबाईंनीसुद्धा बूट काढले.

पुजारीबुवांनी दोराकडे पाहिलं, आपल्या हातातल्या कागदी झालरीच्या काठीकडे पाहिलं. ती झटकून दोर शुद्ध करायचं काम त्यांचं. ते म्हणाले, "माझं काम देवाने स्वतःच उरकलेलं दिसतंय." दोराला लोंबणाऱ्या पांढऱ्या कागदी पट्ट्या तेवढ्या विरघळल्या होत्या. त्यांनी पिशवीतून नव्या काढल्या.

पण सगळे पाहत होते आजोबांकडे. ते काठावर बसून दोराचा वीतवीत भाग अंगठ्याने दाबत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत. योशितो थरथरत उभा होता, थोडा थंडीने आणि बराचसा त्या अंगठ्याकडे बघून. पीळ कुठेही सुटला नव्हता. आजोबांनी नाकातून एक लांब श्वास सोडला आणि त्याबरोबर सगळ्या काठानेच सोडला. मग ते उठले. दोराचं एक टोक त्यांनी उचललं आणि योशितोच्या हातात दिलं.

तो दुसऱ्यांदा वर गेल्यावर खालून ओकिमोतोबाईंनी माफी मागायला पुन्हा वाकून नमस्कार केला. योशितोने मान अशी ताठ धरली की जणू लचकली आहे. खाली हशा पिकला. दोर चढला.

संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर भाजलेले मासे आणि साके, तांदळाची दारू. सासऱ्यांचा कोरडा, आखूड झगा घालून योशितो आजोबांपुढे गुडघ्यांवर बसला. त्यांचा पेला भरला आणि म्हणाला, "आजोबा, पुढच्या वर्षी मी आपला गाड्याच लावतो. वर दुसऱ्या कोणाला तरी पाठवा."

आजोबांनी माशाचा काटा दातातून काढून बशीत ठेवला.

"वर तूच जायचं, आधी गाठ मार, मग वाक."