आवाजामागून येणारी गोळी

पन्नासचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी मुळशी धरणाच्या काठच्या एका लहान दवाखान्यात नर्स होते. कंपाउंडरची जागा रिकामी होती, त्यामुळे बाळंतपणं करणं आणि औषधाच्या पुड्या बांधणं ही दोन्ही कामं माझ्याकडेच. औषध तोलायला पितळी तराजू होता आणि त्याची वजनं ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे साधारण गव्हाच्या एका दाण्याएवढा भार.

हवालदार पहिल्यांदा आले ते बायकोला घेऊन. तिला हिवताप होता. हवालदार साठीचे, ताठ बांध्याचे. पलटणीतली सारी नोकरी त्यांनी हत्यारं दुरुस्त करण्यात घालवली होती आणि आता ते ताम्हिणीच्या रस्त्याला, पाण्याच्या कडेला राहत होते. मी कोयनेल तोलत होते आणि ते एकटक तराजूकडे बघत होते.

"बाई, ही वजनं ग्रेनची हाईत का?"

"हो."

"आमच्या दारूचं मापबी ग्रेनचंच असतंय."

ते बंदुकीच्या दारूबद्दल बोलताहेत हे मला कळायला वेळ लागला. तोवर त्यांची बायको अंगात ताप असूनही हसली होती.

त्यांच्याकडे परवान्याचं एक जुन्या विलायती बनावटीचं रिव्हॉल्व्हर होतं. त्याची काडतुसं बाजारात यायची बंद झाली होती. वापरलेल्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी मात्र त्यांनी जपून ठेवली होती. ती पुन्हा भरून घ्यायची रीतसर परवानगी त्यांनी काढली होती. दारू आणि ती पेटवणाऱ्या टोप्या पुण्याच्या दुकानातून नोंद करून आणल्या होत्या. अडचण डोळ्यांची होती. तराजूचा काटा मध्यावर आला की नाही, हे त्यांना आता दिसत नव्हतं. डॉक्टरांना विचारून मी दवाखान्यातला मोडीत काढलेला तराजू घेतला आणि एका रविवारी त्यांच्याकडे गेले. डॉक्टरांनी एकच अट घातली. तो तराजू पुन्हा औषधाला लावायचा नाही.

त्या रविवारी शिशाचं काम होतं. अंगणातल्या चुलीवर लोखंडी पळीत शिसं वितळलं, हवालदारांनी त्यात मेणाचा तुकडा टाकला, वरची मळी काढली, आणि खाली असा लख्ख पृष्ठभाग दिसला की त्यात वरच्या आंब्याची फांदी दिसत होती. ते साच्यात शिसं ओतत, साचा उघडत, आणि गोळी घडी घातलेल्या गोधडीवर पडे. करंगळीच्या पेराएवढी जाड, बोथट तोंडाची. हातात घेतली तर एवढीशी वस्तू इतकी जड कशी, असं वाटायचं.

गोळ्या निवल्यावर मी एकेक तोलली. सगळ्या दिसायला एकसारख्या, पण चार-पाच हलक्या भरल्या.

"त्येंच्या पोटात हवा ऱ्हायली," हवालदार म्हणाले आणि त्यांनी त्या परत पळीत टाकल्या. मी थक्क झाले. जो बुडबुडा कुणाच्याच डोळ्यांना दिसत नव्हता, तो तराजूला दिसत होता.

मीही त्यांना एक शिस्त लावली. शिशाला लावलेले हात राखेनं आणि साबणानं धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. त्यांच्या बायकोनं ती सक्ती माझ्याहून कडक पाळली.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटलं की जुन्या शेतांचे बांध वर येत. त्यांतल्या एका उंच बांधाशी हवालदारांनी चांदमारी केली होती. बांधाला टेकवून फळी, आणि फळीच्या पुढे जमिनीत खोल खड्डा. खड्ड्यात बसणाऱ्यानं फळीवरचा कागद बदलायचा, आणि हवालदारांनी हाक मारल्याखेरीज डोकं वर काढायचं नाही. तो खड्डा मी मागून घेतला. मला ऐकायचं होतं. हवालदार म्हणाले होते, "रायफलीची गोळी आवाजाच्या म्होरं पळती. ज्याला लागती त्याला आवाज ऐकूच येत न्हाई. ही आमची जड हाय, सावकाश चालती. आवाज आधी येतोय, ही मागनं."

मला ते खरं वाटलं नव्हतं. मी खड्ड्यात गुडघे पोटाशी घेऊन बसले. दीडशे पावलांवरून दबका आवाज आला. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग डोक्यावर, फळीच्या मागच्या मातीत, कुणी बुक्की मारावी तसा धप्प आवाज झाला. त्या दोन आवाजांच्या मधली जागा अगदी छोटी होती, पण ती होती. तेवढ्या वेळात ते शिसं माझ्या दिशेनं हवेतून चालत येत होतं. माझ्या अंगावर काटा आला. पाच वेळा ऐकलं आणि पाचही वेळा तसंच झालं.

पुढच्या खेपेची काडतुसं मीच भरली. म्हणजे दारू तोलून एकेका नळकांड्यात मी ओतायची आणि तोंडावर गोळी बसवायचं काम हवालदारांचं. दारू फार थोडी लागे. नळकांडं जेमतेम तळाशी भरे, वरची सगळी जागा रिकामी. अर्धं काम झालं असताना एक माणूस धावत दारात आला. त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. किती अंतरानं येताहेत, पाणी गेलं का, हे मी बसल्या जागेवरून विचारलं, उरलेली मापं भराभर ओतली आणि त्याच्याबरोबर गेले. संध्याकाळी मुलगी झाली, धडधाकट.

पुढच्या रविवारी मी पुन्हा खड्ड्यात होते. दोन गोळ्या नीट आल्या. तिसऱ्या वेळी नुसता फुस्स असा आवाज झाला, वाट बघितली तरी मातीत काही पडलं नाही. खूप वेळानं हाक आली. मी वर आले तेव्हा हवालदारांनी रिव्हॉल्व्हर उघडून रिकामं केलं होतं.

"गोळी नळीतच अडकली," ते म्हणाले. "दारूच नव्हती. नुसत्या टोपीनं एवढीच ढकलली. मागनं दुसरी झाडली आसती तर नळी फुटली आसती."

मला ती दारातली हाक आठवली.

"हवालदार, चूक माझी आहे. माझं लक्ष गेलं होतं."

"चूक कुणाची ते मागनं," ते शांतपणे म्हणाले. "एकात पडली न्हाई, तर ती गेली कुटं? आधी ते बगू."

तेवढा विचार मी केलाच नव्हता. घरी येऊन त्यांनी लाकडी काठीनं नळीतली गोळी काढली. मग एकेक काडतूस उघडून ते माझ्यापुढे ठेवू लागले आणि मी प्रत्येकातली दारू वेगळी तोलू लागले. सहा बरोबर निघाली. सातव्याला पारडं जे खाली गेलं ते वर येईना. मी दुसरं तेवढंच वजन टाकलं तेव्हा काटा मध्यावर आला.

त्यांची बायको माझ्याशेजारी येऊन बसली. हवालदारांनी ते नळकांडं उजेडाकडे धरलं. दोन मापं पोटात घेऊनही त्यात जागा उरली होती, वरून काहीच कळलं नसतं.

"ह्ये वाजलं आसतं तर माजा हात गेला आसता," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. कारागीर माणूस बिघडलेलं यंत्र बघतो तसे ते बघत होते.

मी तराजू उचलून निघायला लागले तर त्यांनी थांबवलं. "आता तर तुमीच पायजे. ही चूक तुमी परत करायच्या न्हाई."

त्यानंतर आम्ही काम बदललं. तोलताना कुणी हाक मारली तर भरलेलं सगळं उलटं करून पहिल्यापासून सुरुवात. सगळी नळकांडी ओळीनं उभी करून, गोळी बसवण्याआधी, उन्हात प्रत्येकाच्या पोटात आधी मी बघायचं, मग त्यांच्या बायकोनं. दवाखान्यातही मी तेच करू लागले. पुडी बांधताना कुणी बोललं की औषध परत बाटलीत. लोक कुरकुरत, पण पुढची वीस वर्षं मी ते सोडलं नाही.

मे महिन्याच्या शेवटी, एका संध्याकाळी, हवालदारांनी मला खड्ड्यात न पाठवता स्वतःच्या मागे उभं केलं. ऊन आमच्या पाठीवरून तिरपं फळीकडे जात होतं. "नळीच्या वर, पुढच्या हवेत नजर ठेवा," ते म्हणाले. "पापनी हलवू नका."

आवाज झाला आणि मला ती दिसली. करडा, चमकता ठिपका, उन्हात पुढे सरकणारा, आधी सरळ आणि मग किंचित खाली वाकत फळीकडे उतरणारा. माशी उडताना दिसावी तितकी स्पष्ट. मी तोललेलं शिसं, मी ओतलेली दारू, आणि ते मला जाताना दिसत होतं.

"दिसली?"

मी मान हलवली.

"धा जणांत एकाला दिसती," हवालदार म्हणाले आणि त्यांनी पुढची गोळी झाडायच्या आधी मला डोळे पुसायला वेळ दिला.