माळ्यावरचा डबा आणि अहमदपूरची पंगत

आवाज आधी मीच ऐकला. टक. मग बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा टक. घड्याळाला निदान नेम असतो, याला नव्हता. माळ्याच्या शिडीवर अर्ध्यात उभा राहून मी पुढच्या आवाजाची वाट बघत राहिलो, आणि तो येऊ नये असंही मनात म्हणत राहिलो.

लातुरातलं हे घर म्हणजेच भाऊंचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. भाऊ माझ्या नात्यातले कुणी नाहीत. नववीत शाळा सोडून माहूरकडून इकडं आलो, तेव्हा मला कॅमेऱ्याचं झाकणसुद्धा काढता येत नव्हतं. भाऊंनी शिकवलं, वहिनींनी ताट वाढलं, आणि जिन्याखालची खोली माझी झाली. त्यामुळं या घरात काही बिघडलं की मी आधी स्वतःकडंच बघतो. आपल्यामुळं तर नाही ना, हा पहिला विचार.

हॉलमध्ये एडिटिंगचं मशीन आहे. माळ्यावर एक जुना कॉम्प्युटर, त्याला आम्ही डबा म्हणतो. शूट झालेलं प्रत्येक लग्न त्या डब्यात जातं आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून पुढच्या लग्नाला निघतं. डब्याला स्क्रीन नाही, ती जोडायची जागाच कधीची जळालीय. खालच्या मशीनवर बसायचं, वायरीतून वरचा फोल्डर उघडायचा, हाच रस्ता.

खंडेनवमीला आमच्याकडं कॅमेरे, स्टँड, लाइट, सगळं देवापुढं मांडून पूजतात. या खेपेला वहिनींनी हट्टच धरला. "सगळ्यांची पूजा अन् जो सगळं सांभाळतो त्याला कुंकू न्हाई? आणा त्यालाबी खाली." आम्ही डबा उतरवला, हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. दसऱ्याच्या दिवशी मशीन बंदच. दुसऱ्या दिवशी भाऊंनी आणि मी डबा वर चढवला, वहिनींनी हॉलमध्ये वायरी खोचल्या.

आणि फोल्डर उघडेना.

नेमका त्याच सकाळी नांदेडहून फोन आला. उन्हाळ्यात अहमदपूरला आम्ही एक लग्न केलं होतं, त्या नवरीचा भाऊ बोलत होता. त्या लग्नात हळदीच्या दिवशीच मुलीच्या वडलांना दवाखान्यात हलवावं लागलं होतं. कन्यादान चुलत्यानं केलं. व्हिडिओची घाई नाही, दिवाळीपर्यंत द्या, असं त्यांनीच सांगितलेलं, म्हणून आम्हीही हात लावला नव्हता.

"दादा, वडलांना परत अॅडमिट केलंय," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, उद्या घरी घेऊन जा."

घरी घेऊन जा म्हणजे काय, ते भाऊंनाही कळलं, मलाही कळलं.

"त्यांना लग्न बघायचंय. कापाकापी नको, गाणी नको, जसं हाय तसं द्या. मी बसलोच एसटीत."

भाऊ होकारात मान हलवत हाव हाव म्हणाले, फोन ठेवला आणि माझ्याकडं वळले. "उघड बाबा कसंबी."

मी मशीन बंद करून चालू केलं. डब्याचं नाव टाकलं, मग त्याचा नंबर टाकला. शेअरिंग चालू आहे का बघितलं, चालू होतं. मोबाइलवर एकाचा व्हिडिओ बघून फायरवॉल बंद केलं, दुसऱ्याचा बघून परत चालू केलं. स्क्रीनवर एकच उत्तर: असा कॉम्प्युटर सापडत नाही. असा कॉम्प्युटर नाहीच म्हटल्यासारखं. आणि तो तर डोक्यावर माळ्यावर बसलेला, गळ्यात झेंडूची माळ घालून.

"काय करून राहिलास?" भाऊंनी माझीच बोली काढून मला टोमणा मारला. एरवी मी हसलो असतो.

वायर बघायला म्हणून शिडी चढलो आणि तेव्हाच तो टक ऐकला. वायरीचा दिवा हिरवा लुकलुकत होता, म्हणजे वायर ठीक. पण आवाज डब्याच्या पोटातून येत होता.

भाऊ वर आले. कान लावून ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "डिस्क कामातून चाललीय," ते हळू बोलले, जसं काही डब्याला ऐकू जाईल. "खाली-वर करताना धक्का बसला असंल."

"काढून दुसऱ्या मशीनला लावू?"

"आवाज करणाऱ्या डिस्कला खोलायचं नसतं. अन् बंद केला तर परत उठंल का, कुणाला ठावं?" कॉम्प्युटर दुरुस्तीवाला दसऱ्याला मुरुडला गावी गेलेला, त्याचा फोन लागत नव्हता. डबा चालू ठेवावा तर झिजतोय, बंद करावा तर कायमचा. आम्ही दोघं शिडी उतरून खाली आलो.

वहिनी चहा घेऊन आल्या. आमची तोंडं बघून म्हणाल्या, "वायर तर मी नीट खोचली की. भोक मोकळं होतं तिथंच. लाइट बी लागला."

"कुठलं भोक?" भाऊ.

"त्या पोरांच्या डब्बीत."

मागच्या दोन खोल्या आम्ही डॉक्टरकीच्या नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांना भाड्यानं दिल्यात. त्यांचं इंटरनेट वेगळं, राउटर वेगळा, पण खिळ्याला टांगलेला आमच्याच राउटरशेजारी. वहिनींनी माळ्यावरची वायर पोरांच्या राउटरात खोचली होती. दिवा लागणारच. डबा जिवंत होता, फक्त शेजारच्या घरात जाऊन बसला होता आणि आम्ही आपल्या घरात त्याला हाका मारत होतो.

"घ्या! एवढे बघितले व्हिडिओ," वहिनी म्हणाल्या. पण माळ्यावरून टक ऐकू आला आणि त्यांनीही पुढचं आत गिळलं.

वायर बदलली. फोल्डर उघडला. अहमदपूर. आत हळद, वरात, मंगलाष्टकं, कन्यादान, पंगत, बिदाई, सगळं जागेवर. कॉपी लावली तर हिरवी पट्टी थोडी सरके आणि थांबे. ती थांबली की वर टक. सगळं उतरेपर्यंत हा टिकणार नाही, हे भाऊंना विचारायची गरज नव्हती.

"कन्यादान आधी घे," भाऊ म्हणाले. "बापाला तेच बघायचं असणार."

का कोण जाणे, मी म्हणालो, "एकदा विचारू का त्यांना?"

कॉपी थांबवून मी फोन लावला. नवरीचा भाऊ अहमदपूरच्या स्टँडवर गाडीत होता. मशीन धोक्यात आहे, एकच काही नक्की मिळेल, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो वडलांना फोन करून विचारतो म्हणाला. त्याचा फोन परत येईस्तोवर आम्ही पट्टीला हातही लावला नाही. वर टक. पुन्हा टक.

फोन आला. "पंगत," तो म्हणाला. "म्हणाले, पोरीला मी इथं दवाखान्यात रोज बघतो. मी नव्हतो, तर माणसं जेवून गेली का उपाशी गेली, तेवढं दाखव."

भाऊंनी डोळे मिटले. एडिटिंगला बसलं की पंगतीवर पहिली कात्री चालवणारे हेच भाऊ. जेवणाचं कोण बघतंय, म्हणायचे. दुसरा कॅमेरा म्हणून मला तिकडं धाडलं होतं आणि मी उभा राहून नुसतं वाढप्यांच्या मागं मागं शूट केलं होतं.

पंगत उतरली. थांबत, अडखळत, पण शेवटपर्यंत. लगेच कन्यादान लावलं. पट्टी थोडी सरकली आणि थांबली. या वेळी वरून टक आला नाही. आम्ही वाट बघितली. काहीच आलं नाही.

नवरीचा भाऊ पोचला तो पाणीसुद्धा न पिता मशीनपुढं बसला आणि व्हिडिओ कॉल लावून मोबाइल स्क्रीनसमोर धरला. तिकडं नवरीनं फोन वडलांच्या तोंडापाशी धरला असणार. आम्हाला फक्त उशी आणि पांढऱ्या दाढीचे खुंट दिसत होते. स्क्रीनवर बुंदी वाढली जात होती, वांग्याची भाजी, वरण.

"शेवटची पंगत लाव," पलीकडून आवाज आला. मी पुढं नेलं. मांडव रिकामा होत आलेला, एका कोपऱ्यात उशिरा आलेली माणसं बसलेली. वाढप्या पातेलं तिरपं करून बुंदी वाढत होता.

"उरली होती का?"

"उरली होती, बापू," नवरीचा भाऊ म्हणाला.

"बरं."

मग उशीच दिसत राहिली.

निघताना त्यानं पेनड्राइव्ह खिशात ठेवला. भाऊंनी दारातच सांगून टाकलं, "बाकीचं मिळंल का, सांगता येत न्हाई." त्यानं चपला चढवल्या. "बहिणीला आत्ताच नका कळवू," एवढंच म्हणाला आणि रिक्षाला हात केला.

संध्याकाळी मी माहूरला घरी फोन लावला. रिंग जात राहिली, फार वेळ जात राहिली, आणि मी उगीच माळ्याकडं बघत होतो. शेवटी बाबांनी उचलला. पहिला प्रश्न नेहमीचाच.

"जेवलास का रे?"

मी जेवलो नव्हतो. "हाव बाबा," म्हणालो.