धाकटीचे धवले

पुन्हा उघडलं तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावर चारच धवले उरले होते. सुरुवातीचे तीन माझे, शेवटचा एक माझ्या धाकट्या जावेचा. मधले साठ-सत्तर मी पुसले होते, आणि नातीची चाहूल लागताच घाईने फाईल जतन करून बंदही केली होती. दुसरी प्रत नव्हती.

आमच्याकडे धवलारणीने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय लग्न लागत नाही. आम्ही दोघी जावा धवलारणी, पण बोलावणं तिला यायचं. आवाज माझा चांगला, पाठ तिला जास्त. नातीने दोघींकडून ऐकून सगळे धवले कॉम्प्युटरवर उतरवले, मध्ये ओळ न मोडता, एकसलग. जावेच्या प्रत्येक धवल्याआधी टीप होती. कुठे ‘धाकट्या आजीने सांगितलं’, कुठे ‘धाकट्या आजीने गाऊन सांगितलं’. माझ्या तिन्ही धवल्यांना टीप नव्हती. ते मला खुपायचं.

शोधून पुसायचं कसं ते नातीनेच शिकवलं होतं. “टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. पुढे चांदणी दिली की तशी कितीही अक्षरं, एकही नसलं तरी चालतं. अधिकचं चिन्ह दिलंस तर निदान एक हवंच. आणि आजी, चांदणी हावरी असते. तिच्यापुढे प्रश्नचिन्ह दे, म्हणजे पहिल्या ठिकाणी थांबेल.”

शेवटचं मी ऐकलं नाही. समोरून जाऊ नवी साडी नेसून लग्नाला चालली होती.

मला फक्त टिपा काढायच्या होत्या. ‘धाकट्या’ लिहिलं, टिंब, चांदणी, ‘सांगितलं’. चांदणी पहिल्या ‘धाकट्या’पासून निघाली ती थेट शेवटच्या ‘सांगितलं’वर थांबली. मधले धवले गिळले.

जावेला मीच जाऊन सांगितलं.

“माझं नाव तुला खुपत होतं व्हय गो?”

“खुपत होतं.”

“मंग तोंड काय बघतेस? वही आण.”

ती ओटीवर बसून गायली, मी लिहून घेतलं. पहिल्यापासून, न अडखळता. मला लाज वाटायला हवी होती. मला तिच्या पाठांतराचाच राग येत होता. चोवीस झाले. मग तिला दम्याने धरलं. बाकीचे पावसाळ्यानंतर लिहू म्हणाली.

पावसाळ्यात ती गेली. मी आहे.