उंबऱ्याबाहेरचं घर : ठाण्याहून टिटवाळ्यापर्यंत बैलगाडीत

"या उंबऱ्याच्या आत पोराला सुई लावलेली मला चालायची नाही," असं सासूबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हा मी ठरवलं की उंबऱ्याबाहेर घर करायचं.

आधी आमची ओळख सांगते. आमची स्वारी सरकारी नोकरीत आहे आणि गावोगाव हिंडून मुलांना देवी टोचते. लोक 'देवी डॉक्टर' म्हणतात. दिवाळी झाली की शिमग्यापर्यंत फिरती, मधून मधून घरी. सगळ्या तालुक्यातल्या पोरांच्या दंडांवर यांच्या सुईचे व्रण आहेत, आणि आमची स्वतःची दुर्गी, दोन वर्षांची, गेल्या वर्षीच्या चैत्रात देवी येऊन आम्हाला सोडून गेली. तिला टोचलंच नव्हतं! सासूबाई म्हणाल्या देवी कोपेल, आणि यांनी आईपुढे तोंड उघडलं नाही. सुईची पेटी कोनाड्यात होती आणि पोर तिच्या खाली अंथरुणावर तापाने फणफणत होती. आता सदू सहा महिन्यांचा झाला, तर पुन्हा तोच पाढा. मी यांना म्हटलं, "फिरतीवर मी आणि सदू तुमच्याबरोबर येतो. घराबाहेर टोचा." यांनी नेहमीप्रमाणे छताकडे पाहिलं.

माझ्या पाटल्या मोडून मी गाडी घेतली. कुणाला असा बेत करायचा असेल तर गाडी निवडतानाच डोकं शांत ठेवा, कारण सल्ले द्यायला सारं ठाणं येतं. दमणी दिसायला छान, पळायलाही हलकी, पण तिच्यात आडवं होता येत नाही. भाताचे भारे वाहायचा खटारा ऐसपैस, पण कल्याणच्या गल्ल्यांत अडकतो. मी मधली गाडी घेतली. पाच हात लांब, अडीच हात रुंद, वर कामट्यांची कमान आणि तिच्यावर तट्टे. सुताराला सांगितलं, बसायच्या फळीखाली कप्पे कर, कमानीला शिंक्यासाठी कड्या लाव, मागे पायरी लाव. तो म्हणाला, "बाई, ही गाडी आहे का कपाट?" मी म्हटलं, "घर आहे. नीट ठोक."

पहिल्या दिवशी खाडीचा पूल ओलांडून कळव्याला आलो. गाडी हाकायला गोमा होता, इथलाच आगरी, वयाने आमच्या स्वारीपेक्षा मोठा आणि बोलायला दसपट. त्याने आमराईत बैल सोडले, आणि सोडताक्षणी आमचं घर पुढे कलंडलं! पिठाचा डबा, तेलाची बुधली, शिंक्यातलं दूध, सगळं घसरत माझ्या मांडीवर. बैल जोडलेले असतात तोवर गाडीचा साटा सपाट, हे मला काय माहीत? सुताराने सांगितलं नाही, सल्ले देणाऱ्या एकानेही सांगितलं नाही. गोमाने हसत हसत जुवाखाली दोन ओंडक्यांचा टेकू दिला. "वयनी, बैल हायेत तवर घर हाय," म्हणाला. तेव्हा हे लिहून ठेवा, टेकू आधी, बैल मग.

कळव्यात आठ दिवसांपूर्वी टोचलेलं एक मूल होतं. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. टोचलेल्या मुलाच्या दंडावर आठव्या दिवशी फोड भरतो आणि त्यातली ताजी लस दुसऱ्या मुलाला टोचतात, त्याची पुढच्याला. एका पोराच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर असं हे औषध गावं चालत जातं. मधे खंड पडला की संपलं. यांनी त्या मुलाची लस घेतली आणि गाडीच्या पायरीवर बसून सदूला टोचली.  सदू 'आं' करून रडला आणि लगेच माझ्या गळ्यातल्या पोतीशी खेळायला लागला. आता आठव्या दिवशी सदूचा दंड टिटवाळ्याच्या बाजूच्या पाड्यावर पोहोचायला हवा होता. तिथे शेजारच्या गावापर्यंत देवीची साथ आली होती आणि पाड्यातल्या बायका पोरांना लपवून ठेवत होत्या. वाटेत नुसत्या न टोचलेल्या पोरांच्या याद्या करायच्या आणि आधी टोचलेले दंड तपासायचे.

मुंब्र्याची चढण बैलांनी कुरकुरत काढली. उन्हाआधी निघा, नाहीतर डोंगराच्या कडेला सावली मिळत नाही. शीळ गावावरून पुढे कापलेल्या भातशेतांतून वाट जाते, चाकोऱ्या इतक्या खोल की पाठीचा एकेक मणका वेगळा मोजता येतो. तिसऱ्या दिवशी डोंबिवली. गाव लहान, पण विहिरीचं पाणी गोड, आणि एका बाईने न मागता वालाच्या शेंगा दिल्या. तिथल्या एका म्हातारीने यांना अडवलं.

"डॉक्टर, लोकांच्या पोराना टोचतास. तुज्या घरचं कोन गेलं काय देवीनं?"

"नाही हो आजी," आमची स्वारी म्हणाली. "कुणी नाही."

मी शेंगा सोलत होते. हातातली शेंग तशीच राहिली. कुणी नाही? दुर्गी कुणी नव्हती? तिचे पाय, तिचं ते अडखळत 'आये' म्हणणं, सगळं नव्हतंच? माझ्या अंगाची लाही लाही झाली. गाडीत आल्यावर म्हटलं, "लाज नाही वाटली?" हे म्हणाले, "लोक घाबरतील, मग टोचून घेणार नाहीत." बास. मी बोलणं टाकलं.

बायांनो, घरात अबोला धरणं सोपं असतं. एक स्वयंपाकघरात, एक ओसरीवर. पाच हातांच्या गाडीत अबोला धरून बघा! यांना कुशीवर वळायचं तर मला उठावं लागे. मीठ हवं तर माझ्या डोक्यावरच्या शिंक्यात. दोन दिवस हे अळणी आमटी जेवले, पण 'मीठ दे' म्हणायचं धाडस झालं नाही. गोमाच मधल्यामधे निरोप्या. "वयनी, डॉक्टर सांगतात उद्या पाटं निगायचं." मी म्हणे, "त्यांना सांग, मी बहिरी नाही."

पाचव्या दिवशी कल्याण. वाटलं होतं धर्मशाळेत एक दिवस पाय पसरू. सदूच्या दंडावर तोवर लाल पुळ्या उठल्या होत्या आणि अंग कोमट होतं. धर्मशाळेच्या कारभाऱ्याने झबल्याची बाही वर केली आणि दोन पावलं मागे सरला. "देवी आलेलं मूल! बाहेर काढा." हे समजावू लागले, टोचलेलं आहे, ही साथ नव्हे, वगैरे. तो ऐकेना. आत ओसरीवर एक मनुष्य अंगभर खरूज घेऊन खुशाल झोपला होता, तो चालला! माझं सहा महिन्यांचं पोर चाललं नाही. मी त्या कारभाऱ्याला जे बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. तळ्याकाठी गाडी लावली, टेकू दिला, तीन दगड मांडून पिठलंभात केला. त्या दिवशी मात्र पाटल्यांचं सार्थक झालं असं वाटलं, कारण या घरातून कुणी आम्हाला हाकलू शकत नव्हतं.

पुढे उल्हास नदी तरीच्या नावेतून ओलांडली. बैल बुजतात, त्यांच्या डोळ्यांवर फडकं बांधा आणि गाडीतून उतरून मूल कडेवर घ्या. आठव्या दिवशी सकाळी टिटवाळ्याच्या पुढच्या पाड्यावर पोहोचलो. सदूच्या दंडावर फोड टपोरे भरले होते. लस त्याच दिवशी घ्यायची, उद्यावर टाकायची सोय नाही. आणि एकही बाई दार उघडेना.

शेवटी एक उघडलं. कडेवर मुलगी घेतलेली तरणी बाई, नाव चांगुणा. तिने सदूचा दंड पाहिला, मग यांच्याकडे पाहिलं. "ह्याला आता टोचलं. तुमच्या वयाला हे पहिलंच नसंल, ह्याच्या आधीचं कुठंय? पहिलं पोर कुठंय तुमचं?"

 मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. म्हटलं, मारा आता थाप, माझ्यासमोर मारा.

"पहिली मुलगी होती," हे म्हणाले.  "देवी येऊन गेली. मी तिला टोचलं नव्हतं. सुई घरात होती, मी आईला भ्यालो. मी टोचलं असतं तर आज ती तुमच्या मुलीच्या मागे धावली असती."

हे अंगणातच बसले, मातीत.  चांगुणा त्यांच्यासमोर खाली बसली आणि मुलीची बाही वर करून तिने दंड पुढे केला. दुपारपर्यंत पाड्यावरची सगळी पोरं टोचून झाली. सदू रडून रडून झोपला.

तुम्हाला वाटेल माझा राग गेला. मुळीच नाही! वाढला. हे एक वाक्य मी दीड वर्ष मागत होते. उशीशी, चुलीपाशी, दुर्गी गेली त्या तिथीला मागितलं. ते यांनी परक्या अंगणात, परक्या बाईला दिलं. परतीच्या वाटेवर मी एकदाच बोलले. "हेच घरी सांगा. सासूबाईंसमोर. तोवर मी आत पाऊल टाकणार नाही."

ठाण्यात आलो. गोमाने आमच्याच अंगणात गाडी लावली, टेकू दिला, बैल घेऊन तो गेला. मी गाडीतच राहिले. स्वयंपाक तिथे, झोप तिथे, सदूची अंघोळ चाकाच्या आडोशाला. शेजारच्या बायका पाणी भरायच्या निमित्ताने चार-चार वेळा जात. एक म्हणाली, "अगोबाई, सून रुसली की गाडी रुसली?" मी म्हटलं, "दोघी." चार दिवस हे घरात जेवत आणि अंगणात येऊन उभे राहत. माझ्याकडे बघत आणि परत जात.

पाचव्या दिवशी जेवताना यांचा आवाज आला. एवढ्या मोठ्याने हे घरात कधी बोललेच नव्हते. "आई, दुर्गीला मी वाचवू शकलो असतो. तुझ्या भीतीने वाचवली नाही." त्यानंतर ताट सरकवल्याचा आवाज झाला.

ऊन उतरल्यावर सासूबाई बाहेर आल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी चाकाला धरून त्या पायरीवर चढल्या आणि फळीवर बसल्या. मी हात दिला नाही. त्यांनी सदूचं झबलं सारलं, दंडावर धरलेल्या खपल्यांवरून बोट फिरवलं.

"टोचताना किती रडला हा?"

"थोडासा. मुंगी चावल्यावर रडतात तेवढा. मग खेळायला लागला."

त्यांचं बोट तिथेच थांबलं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

"एवढंच, सासूबाई."