भालेरावकाकांचा आवाज

भालेरावकाका वंदनेला उभे राहिले की आधी माइक बाजूला सरकवत. खडकीच्या वसाहतीतल्या आमच्या विहारात दर रविवारी त्रिशरण-पंचशील तेच सांगत आणि आम्ही मागोमाग म्हणत असू. आवाज मोठा नव्हता, पण दाराशी चपला काढणाऱ्यालाही प्रत्येक अक्षर सुटं ऐकू येई. आम्ही पुटपुटलो की वंदनेनंतर सुनावत, "शब्द गिळू नका रे, जेवण गिळा."

कारखान्यात मी त्यांच्या हाताखाली काम शिकलो. निवृत्त झाल्यावरही ते संध्याकाळी आमच्यात चहाला येत. एकदा त्यांनी पेरूचा घास घेतला आणि पांढऱ्या गरावर रक्त उमटलं. "बघा, माझा पेरू आपोआप लाल होतो," म्हणाले. दात हलू लागले होते, हिरड्यांतून पू येत होता. मीच मागे लागून त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. हिरडीच्या आत, मुळांवर साचलेला थर खरवडून काढावा लागेल, नाहीतर दात एकेक करून जातील, असं त्यांनी समजावलं. नंतर दुखेल, गार सहन होणार नाही, सूज उतरली की दातांत फटी दिसतील, हेही सांगितलं. काका मान डोलवत होते. बाहेर बाकावर आल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "बोलण्यात काही फरक नाही ना पडणार?"

"छे हो काका, नुसती साफसफाई आहे."

हे मी कशाच्या आधारावर म्हणालो, कोण जाणे. डॉक्टर दाराच्या पलीकडेच होत्या.

सफाईनंतर एका बाजूचा गाल सुजला. पुन्हा जाऊन पू काढावा लागला, गोळ्या झाल्या. माठातलं पाणी तर सोडाच, तोंडाने श्वास घेतला तरी कळ उठे. मी भेटायला गेलो तेव्हा काकू मऊ भात कालवत होत्या. म्हणाल्या, "जन्मभर बोलले, आता तोंड मिटून बसलेत. बरंय, घरात शांतता आहे." आणि तोंड फिरवून आत गेल्या.

दुखणं ओसरलं. हिरड्या आक्रसल्या आणि वरच्या पुढच्या दातांत फटी उघडल्या. त्या रविवारी काका उभे राहिले. पहिल्याच ओळीत 'स'बरोबर शिट्टीसारखी हवा निसटली. पुढे बसलेली एक लहान मुलगी हसली, तिच्या आईने तिला दटावलं. काकांनी वंदना पूर्ण केली, एकही शब्द न गाळता. पण त्यानंतर ते पुढे उभे राहिले नाहीत. मागे भिंतीला टेकून, ओठ मिटून बसू लागले.

डॉक्टर म्हणाल्या, फटी थोड्या भरता येतील. काका गेले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा शांतपणे म्हणाले, "तुम्ही माझ्या भल्याचंच केलंत. फक्त एक सांगा, मी विचारलं होतं ते तुम्ही डॉक्टरांना विचारलं होतंत?"

मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. त्यानंतर हा विषय त्यांनी कधीच काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात हृदयविकाराने ते गेले. त्यांच्या पार्थिवासमोर वंदना मला म्हणावी लागली. त्यांचे ओठ जरासे उघडे राहिले होते. डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं होतं. सगळे दात जागेवर होते.