आधी घड्या

साड्यांच्या दुकानात आईपुढे रंगांचा डोंगर झाला होता. "ती हिरवी दाखवा, तिच्या खालची पण," असं तिचं चाललं होतं, आणि गादीवर उलगडलेल्या साड्या एकमेकींत गुंतत होत्या. इतक्यात गल्ल्यावरचे काका ओरडले, "आता नवीन काही काढू नका. आधी घड्या!" वरच्या मजल्यावरून दुकानातल्या आणखी दोघी मदतीला उतरल्या. गिऱ्हाइकांच्या हातात चहा आला.

मी कॉलेजात पेशी शिकवते. पेशीतही प्रथिनांच्या घड्या घालायची एक जागा असते. तिथे घडी न बसलेल्यांचा ढीग झाला, की नवीन प्रथिनांचं काम मंदावतं, केंद्रकाकडे निरोप जातो आणि घडी घालणारे मदतनीस घडवणारी जनुकं जागी होतात. तरीही ढीग हटला नाही, तर पेशी स्वतःलाच संपवते. हे मी दरवर्षी फळ्यावर शांतपणे लिहिते.

आज मात्र नजर सारखी आईच्या पर्सकडे जात होती. पर्समध्ये इन्सुलिनचं पेन होतं, आणि इन्सुलिन हेही एक प्रथिनच. तिच्या शरीरात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींनी किती वर्षं "थांबा, आधी घड्या" म्हणून पाहिलं असेल? त्यांतल्या किती गेल्या असतील, कुणाला न कळवता?

"अगं, ती जांभळी दाखवायला सांग ना," आई म्हणाली.

"आधी ही घडी घालू," म्हणत मी एका साडीचं एक टोक तिच्या हातात दिलं. तिने सवयीने काठाला काठ जुळवला. माझ्या हातातलं टोक मात्र सारखं निसटत राहिलं.