टीव्हीतलं वसतिगृह

मी पहिल्यांदा पुण्याला निघाले तेव्हा हुमनाबादच्या बसस्टँडवर वडिलांनी, अप्पांनी, माझी पेटी वर चढवली आणि खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "कुणी लई गोड बोललं की मागं सर." आशीर्वाद वगैरे काही नाही. आमच्या संतपूर गावच्या गल्लीत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघालेल्यांनो, तुम्हालाही शिदोरीत हाच संशय मिळाला असेल. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या फसवलं गेलं, त्यांनी भाबडं राहावं हा उपदेश फसवणाऱ्यांचाच असतो.

पुण्यात मी वस्त्यांच्या पाण्यासाठी पत्रकं लिहिते, वाटते, भांडते. राहते मुलींच्या वसतिगृहात. यंदा धाकट्या बहिणीला, सुजातालाही तिथंच शिकायला न्यायचं होतं. अप्पा अडून बसले. "तू सांगायलीस ते ठीक. जागा कशी हाय, मी कुठं बघितलीय?"

म्हणून मी वसतिगृहाचा व्हिडिओ काढून लॅपटॉपवर गावी आणला. बघायला सगळी गल्ली जमणार हे ठाऊक होतं, म्हणून टीव्हीला जोडायचं आधीच ठरवलं होतं. आमचा टीव्ही मागं पोट असलेला. त्याला लाल, पांढरी, पिवळी अशी तीन गोल भोकं. लॅपटॉपचं भोक चपटं. नुसत्या वायरीनं भागत नाही, हे कळल्यावर मधे लावायची छोटी डबी मी पुण्याहूनच आणली होती. पण ती तीन भोकं डिशच्या डब्यानं अडवलेली.

"ते उपसू नकोस," आई म्हणाली. "परत लागायचं न्हाई."

"लागतंय गं आई."

"लागतंय म्हणूनच मिक्सर बी खोलला होतास."

जमलेली गल्ली हसली. मी डिशच्या वायरी काढल्या, डबीच्या लावल्या. निळा पडदा. मग थरथरत चित्र आलं: फाटक, जिना, आमची खोली. रंग जरा फिके, पण दिसत होतं. मला वाटलं, जिंकले.

अप्पा शेवटपर्यंत बघत होते. मग म्हणाले, "टीव्हीवर तर आपल्या गावचा रस्ता बी झालाय."

कुणीच हसलं नाही. रस्ता कसा आहे, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"अप्पा, हे मी काढलंय! माझ्या हातानं!"

"व्हय. पर दिसायलंय टीव्हीत."

मी चिडले. चूक माझीच होती. ज्या खोक्यावर आमच्या घरात कुणाचाच भरवसा नाही, त्याच्या तोंडून मी माझी साक्ष वदवायला गेले होते. सुजाता आत जाऊन बसली. मी वायरी ओढून काढल्या.

आठवड्यानं अप्पा सुजाताला घेऊन स्वतःच पुण्यात उतरले. चहासुद्धा न घेता वसतिगृह बघायला निघाले. वॉर्डनबाई सोयी सांगत होत्या, यांचं लक्ष नाही. पाण्याच्या टाकीचं झाकण उचलून वास घेतला. आमच्या खोलीत शिरून आतून कडी लावली आणि ओरडले, "ढकल!"

मी खांदा लावला.

"जोरात ढकल की!"

दार हललं नाही. कडी काढून बाहेर आले आणि सुजाताला म्हणाले, "सामान आण."

या शहरात माझ्या भाषणाला टाळ्या पडतात, माझ्या पत्रकाखाली लोक सह्या करतात. पण मी राहते त्या खोलीचं दार पक्कं आहे का, हे इथल्या कुणी बघितलेलं नाही. घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मी गावाचं नाव सांगत नाही. माझ्या शब्दावर न विसंबता, बस धरून खात्री करायला जो येतो, त्या माणसाचं नाव सांगते.